चित्रकथेच्या मराठी जन्माविषयी : प्रकाशक मंडळींस एक अनावृत पत्र

लहरीपुरा, बडोदे

मराठी ग्रंथप्रकाशक मंडळींस,


पत्रास कारण असे की, अलीकडे प्रसिद्ध झालेली किंवा नव्याने छापून निघालेली चित्रकथांची काही पुस्तके मी या हिवाळ्यात सावकाशीने वाचून काढली, आणि ती वाचताना जे समाधान लाभले त्याच्या जोडीने जी एक रुखरुख मनात ठाण मांडून बसली, ती आपल्यावाचून अन्य कोणापुढे मांडण्यात हशील नाही, अशी माझी खातरजमा झाली. समाधान याचे की, ज्या प्रकाराला आपण इतकी वर्षे पोरांचा खाऊ समजत आलो तो आपल्या देशात आता प्रौढ झाला असून, राज्यकर्ता, नदी, जात, विस्थापन अशा भारदस्त विषयांना तो कोठेही न अडखळता हात घालतो. रुखरुख याची की, या पुस्तकांतील माणसे बहुतांशी आपली, घटना आपल्या मुलखातल्या, आणि एका पुस्तकाचा तर मूळ आधारग्रंथही मराठी; तरी त्यांतील एकही पुस्तक मराठीत जन्माला आलेले नाही. न्यायमंदिराच्या इमारतीत न्यायालय भरत असे त्या काळी मी तेथील दप्तरात कारकुनी केली असल्यामुळे फिर्याद आणि अर्ज यांतील भेद मला चांगला ठाऊक आहे. हा अर्ज समजावा. कोणास दंड व्हावा अशी माझी इच्छा नाही. एक काम मंजूर व्हावे, एवढीच विनंती आहे.

बडोद्यासारख्या गुजराती मुलखातील शहरात बसून मराठी प्रकाशकांना चार शब्द ऐकविण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न आपल्यापैकी एखाद्याच्या मनात येईल, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. लहरीपुरा दरवाजातून आत शिरून मांडवीच्या रोखाने चालू लागले की ज्या सेंट्रल लायब्ररीपाशी माणूस पोहोचतो, ती ज्या ग्रंथालय-खात्यातून उभी राहिली ते खाते श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून स्थापन केले, आणि पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्या देखरेखीखाली त्याचा विस्तार झाला. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठविणाऱ्या याच खात्याची एक शाखा चित्रांच्या द्वारे शिक्षण देण्यासाठी होती. मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोपची दुहेरी चित्रे आणि चलच्चित्रांचे खेळ घेऊन तिचे लोक खेड्यांत जात असत. चित्र पाहणे हे वाचनाचे वैरी आहे, असे ज्या राज्याच्या ग्रंथालय-खात्याने शंभर वर्षांपूर्वी मानले नाही, त्या राज्याच्या राजधानीतील वाचकाने आज चित्रकथेची बाजू घेतली तर त्यात नवल मानण्याचे कारण नसावे.

आणि बडोद्याचा चित्राशी असलेला संबंध एवढ्यावर संपत नाही. राजा रविवर्मा यांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रे काढली ती याच दरबाराच्या आज्ञेवरून. चित्रांचे शिळाछाप काढून ती सामान्य माणसाच्या भिंतीवर पोहोचवावीत, ही सूचना त्यांना करणारे सर टी. माधवराव हे बडोद्याचेच दिवाण. आणि १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्या छापखान्यातून जी शकुंतला, दमयंती आणि सरस्वती घरोघर गेली, तिच्याच चेहऱ्याची आणि वस्त्रालंकारांची पडछाया पुढे आपल्या पौराणिक चित्रकथांच्या पानापानांवर पडलेली दिसते. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले तेही याच शहरात. फार मागे जायचे तर, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे, आणि तो ग्रंथ श्रीगोंदेकरांनी संपादून छापला तो गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये, म्हणजे पुन्हा येथेच. त्या चित्रकथकाचे वंशज म्हणावेत असे ठाकर समाजाचे कलावंत सिंधुदुर्गातील पिंगुळीस आजही पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने लावतात. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांचा २०२१ साली पद्मश्री देऊन गौरव झाला. सांगण्याचा मुद्दा असा की, चौकटीमागून चौकट लावून कथा सांगण्याची रीत अमेरिकेतून आगबोटीने येथे उतरली, ही समजूत अर्धवट आहे, आणि तिच्या आधारावर या प्रकाराला उपरा ठरविणे आपल्याला शोभत नाही.

आता पुस्तकांविषयी.

पहिले ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’. १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणवादी संस्थेने ते प्रथम काढले तेव्हा त्याच्या थोड्याच प्रती निघाल्या होत्या आणि पुढे ते दुर्मिळ झाले होते. २०२२ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने ते पुन्हा छापले, म्हणून त्यास नवे म्हणावयास हरकत नाही. नर्मदेवरील धरणाचा प्रश्न त्यात रेवा या तिच्याच जुन्या नावाच्या आडून मांडला आहे: विष्णू नावाचा तरुण पत्रकार शहरातून त्या खोऱ्यात जातो आणि मालगू गायन हा आदिवासी गायक त्याच नदीच्या उत्पत्तीची पुराणकथा गात राहतो, अशा दोन धाग्यांनी ते विणलेले आहे. वर्तमानातील शहर आणि पुराणातील डोंगर यांना चित्रकाराने वेगवेगळ्या हाताने रेखाटले आहे, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना केवळ रेघेच्या बदलावरून वाचकाला काळ बदलल्याचे कळावे, ही किमया गद्य कादंबरीला साधणारी नव्हे. माझा आक्षेप असेल तर तो धरणाच्या कैवाऱ्यांच्या चित्रणावर आहे. ती माणसे व्यंगचित्रांतल्यासारखी सपाट उतरली आहेत. आणि कच्छ-सौराष्ट्राच्या कोरड्या मुलखाला त्याच पाण्याची किती तहान होती, हे जाणणाऱ्या गुजरातेतील वाचकाला प्रतिपक्षाचे म्हणणेही तितक्याच ताकदीने ऐकावेसे वाटते. अन्यायाचे चित्र काढताना अन्याय करणाऱ्याला मूर्ख दाखविले की अन्यायाची धार उलट बोथट होते. पण हा दोष मान्य करूनही, सरदार सरोवराच्या पाण्याखाली नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांची ३३ गावे आली, हे ज्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे वाचावे लागले, त्या महाराष्ट्राच्या भाषेत हे पुस्तक तीस वर्षांत का आले नाही, हा प्रश्न सुटत नाही.

दुसरे ‘भीमायन’. नवयान प्रकाशनाने ते २०११ साली काढले. ‘चांदोबा’वर वाढलेल्या माझ्यासारख्याच्या हिशेबाने ते नवेच. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता व दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची चित्रे असलेल्या या पुस्तकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील पाणी, निवारा आणि प्रवास या तीन गोष्टी येतात, आणि त्यांतील निवाऱ्याची गोष्ट माझ्या घरापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर घडलेली आहे. ज्या दरबाराने शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठविले त्याच दरबाराची चाकरी पत्करण्यासाठी १९१७ साली कोलंबिया विद्यापीठाचा हा विद्वान बडोद्यास आला. गावात जागा मिळेना म्हणून त्याने एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यास तेथून बाहेर काढले. आणि रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत त्याला कमाटीबागेत बसून राहावे लागले. आज आम्ही त्या बागेला सयाजीबाग म्हणतो, मुलांना तेथे प्राणिसंग्रहालय दाखवितो, आणि संकल्पभूमी म्हणून त्या घटनेचे स्मरणही करतो. तथापि ही हकीकत मी शब्दांत अनेकदा वाचली असूनही व्याम दांपत्याच्या पानांवर ती पाहताना प्रथमच तिचा बोजा मला जाणवला.

त्याचे कारण चित्रांच्या रीतीत आहे. या कलावंतांनी पानाची नेहमीची चौकोनी विभागणी नाकारली. त्यांच्या भिंतीवरील दिग्ण्याच्या नक्षीचे वळसे हीच येथे प्रसंगांची सीमारेषा. आगगाडी नागासारखी सरपटते, किल्ला सिंहासारखा दबा धरून बसतो. साध्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, आणि जातीच्या विषाने भरलेले बोलणे ज्या फुग्यात येते त्याला विंचवाची नांगी असते. एखाद्या वाक्यात तिरस्कार आहे हे वाचकाने शब्द वाचण्यापूर्वीच जाणावे, ही युक्ती मी अन्य कोठे पाहिलेली नाही. पुस्तकाची मला खटकणारी बाजू एकच: गोष्टीच्या भोवती आजच्या काळातील दोन पात्रांचा बसथांब्यावरचा जो संवाद घातला आहे तो अधूनमधून पाठ्यपुस्तकासारखा बोलू लागतो, आणि चित्रांनी जे आधीच सिद्ध केले ते पुन्हा समजावून सांगतो. चित्रकाराच्या सामर्थ्यावर लेखकाचा पुरता विश्वास बसलेला नसला म्हणजे असे होते.

तिसरे पुस्तक त्याच वर्षीचे आणि त्याच प्रकाशनाचे: ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. श्रीविद्या नटराजन यांनी लिहिलेले आणि अपराजिता निनान यांनी काळ्या-पांढऱ्या रेघांत रेखाटलेले हे पुस्तक महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले आहे. लेखिका आणि चित्रकर्ती दोघीही त्यात पात्रे म्हणून वावरतात, आपसात वाद घालतात, आणि जुन्या ग्रंथाचा धागा आजच्या बातम्यांना जोडतात. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जोतीरावांनी ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. तेव्हा समुद्रापलीकडचा हा दुवा चित्रांतून ठळक करणे मूळ ग्रंथाच्या प्रकृतीला धरूनच आहे. या पुस्तकात मला उतावळेपणा जाणवला खरा, आणि काही पानांवर इतका मजकूर कोंबला आहे की चित्राला श्वास घ्यावयास जागा उरलेली नाही. पण माझी खरी वेदना वेगळी आहे. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथच मुळी धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. एकजण विचारतो, दुसरा उत्तर देतो; रोखठोक, झणझणीत, बोलीच्या ठेक्यात. चित्रकथेच्या फुग्यात घालावयास याहून तयार मराठी मजकूर कोठे मिळावा? जवळजवळ एकशेचाळीस वर्षे तो आपल्या दाराशी पडून होता, आणि त्याला चौकटीत बसविण्याची कल्पना सुचली ती इंग्रजीत पुस्तक काढणाऱ्यांना.

चौथे पुस्तक सरकारी आश्रयाने निघालेले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आणि अमर चित्रकथा यांनी मिळून २०२२ साली स्वातंत्र्यलढ्यातील विस्मृत वीस स्त्रियांच्या कथा एका ग्रंथात प्रसिद्ध केल्या, आणि त्याच वर्षी वीस आदिवासी वीरांचा दुसरा ग्रंथही काढला. उद्देश स्तुत्य आहे. चाकली इलम्मा, पार्वती गिरी यांची नावे शाळकरी मुलांच्या कानांवर पडली हेच पुष्कळ झाले. परंतु वीस आयुष्ये एका ग्रंथात बसवायची म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला थोडकीच पाने येणार, आणि थोडक्या पानांत जन्म, लढा आणि गौरव एवढेच मावणार. उषा मेहता यांच्या गुप्त रेडिओची गोष्ट घ्या: १९४२च्या मुंबईत जागा बदलत बदलत चालविलेले ते केंद्र, पोलिसांचा माग, शेवटचा छापा. एवढ्या एका प्रसंगावर साठ पानांची चित्रकथा श्वास रोखून वाचता येईल. वंदन करून पुढे सरकण्याच्या घाईत या ग्रंथाने कथा गमावली आणि यादी तेवढी हाती ठेवली, असे मला नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

येथवर माझे अभिप्राय झाले. आता मूळ तक्रारीकडे येतो. मराठीत चित्रकथा निपजत नाही याचे कारण आपल्याकडे चित्रकार नाहीत, असे कोणी म्हणेल तर त्याने जुने अंक उघडून पाहावेत. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्रकथा’ सुरू केली आणि तिच्या चारशेहून अधिक पुस्तकांनी दोन पिढ्यांचे पुराण व इतिहास घडविला. त्या मालेतील ‘कृष्ण’ रेखाटणारे राम वाईरकर, कित्येक पुस्तकांना आपल्या भरदार रेघेने तोलून धरणारे पुण्याचे प्रताप मुळीक, १९७९ सालच्या बाबासाहेबांवरील पुस्तकाची चित्रे काढणारे दिलीप कदम, हे कोण होते? १९८० साली ‘टिंकल’ निघाले. त्यातील सुप्पंडीला रूप दिले ते वाईरकरांनी, शिकारी शंभूला ती डोळ्यांवर आलेली टोपी घातली ती वसंत हळबे यांनी, आणि कालिया कावळा उडविला तो प्रदीप साठे यांनी. एवढेच काय, दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज १९८६ साली हिंदी मुलखात अवतरला, तोही मुळीकांच्याच लेखणीतून. भारतीय चित्रकथेचा निम्मा जमाखर्च मराठी हातांच्या नावे मांडावा लागेल, आणि त्याच वहीत मराठी भाषेच्या नावापुढे बहुधा अनुवादाची किरकोळ रक्कम दिसेल.

अनुवादाला मी तुच्छ लेखीत नाही. मद्रासेहून छापून येणारा ‘चांदोबा’ आणि टाइम्सच्या छापखान्यातून निघणारी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माझ्या पिढीची दोन विद्यापीठे होती. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आणि कवटीच्या गुहेतला वेताळ या दोघांचेही ऋण मी मानतो. पण अनुवादित चित्रकथेची एक अडचण आहे आणि ती या धंद्यातल्या माणसालाच कळते. फुगे आधी इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेले असतात. त्यांत वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय घेऊन आलेली देवनागरी ओळ बसविताना एकतर अक्षर बारीक करावे लागते किंवा वाक्य छाटावे लागते, आणि बहुधा दोन्ही केले जाते. अक्षर हाताने न लिहिता संगणकाच्या ठरावीक वळणात टाकले जाते, त्यामुळे कुजबुज आणि किंकाळी एकाच सुरात छापल्या जातात. ध्वनी तर बहुतेक वेळा चित्रातच रंगविलेले असल्यामुळे ते इंग्रजीतच राहतात. ज्या भाषेत धाडकन, खळ्ळकन, सटासट, खणखणाट, चुर्र, सळसळ यांची अशी रेलचेल आहे, त्या भाषेतल्या मुलाने आपल्याच गोष्टीतली तलवार परक्या आवाजात आपटताना पाहावी, हे पाहवत नाही. चित्रकार आणि लेखक पहिल्या मसुद्यापासून मराठीत विचार करू लागले तरच फुगा मराठी वाक्याच्या अंगाने वाढेल आणि अक्षर चित्राचा अवयव बनेल.

हे होऊ शकते याचा पुरावाही आपल्या घरात आहे. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये अवतरला आणि रोज तीन-चार चौकटींतून त्याने मध्यमवर्गीय मराठी घराचा जो जिवंत आलेख काढला, त्याची पुस्तके आजही माझ्या नात्यातील मुले येथे बडोद्यात मागून घेतात. शि. द. फडणीस यांनी एकही शब्द न वापरता अवघ्या महाराष्ट्राला हसविले आणि गणिताच्या पाठ्यपुस्तकांतही चित्रांची करामत करून दाखविली. बंगालकडे पाहावे: नारायण देबनाथ यांचे ‘हांदा-भोंदा’ १९६२ साली ‘शुकतारा’ मासिकात सुरू झाले, त्यांचा बांटुल आणि नॉन्टे-फॉन्टे दशकानुदशके चालले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. केरळात टॉम्स यांची बोबन आणि मोळी ही भावंडे घरोघर पोहोचली, आणि पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून ख्यातनाम झालेले जी. अरविंदन यांनी १९६१ पासून ‘मातृभूमी’ साप्ताहिकात जी चित्रमालिका चालविली तिला तेथील जाणकार कादंबरीचा मान देतात. या दोन्ही ठिकाणी चित्रकथा मासिकात किंवा साप्ताहिकात रुजली, वाचकाच्या सवयीची झाली, आणि मग पुस्तकरूपाने टिकली.

आपली अडचण मी जाणतो. रंगीत छपाई महाग, प्रत अल्प, वितरक उदासीन, आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालणारे पालक मराठी पुस्तकाकडे पाठ फिरविणारे. हा सर्व हिशेब आपण मांडाल आणि तो खोटा म्हणता येणार नाही. पण रंगावाचून अडते असे नाही, हे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ आणि ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ या दोन काळ्या-पांढऱ्या पुस्तकांनी दाखविले आहे. आणि बंगालच्या ‘शुकतारा’ने जे केले ते करावयास आपल्याकडे दिवाळी अंकांसारखे साधन दुसरे कोणाजवळ आहे? का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेल्या या परंपरेत व्यंगचित्राला हक्काची जागा आहे. त्या जागेत सोळा पानांची एक संपूर्ण मराठी चित्रकथा दरवर्षी छापली, तर पाच वर्षांत एका चांगल्या संग्रहाची सामग्री आपोआप जमेल, चित्रकाराला काम मिळेल, आणि वाचकाची परीक्षाही फारशी जोखीम न पत्करता होईल.

म्हणून माझ्या मागण्या अशा. प्रत्येक मोठ्या प्रकाशन-संस्थेने वर्षातून निदान एक चित्रकथा मुळात मराठीत लिहवून आणि रेखाटवून घ्यावी. मुखपृष्ठावर चित्रकाराचे नाव लेखकाच्या बरोबरीने आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. वाईरकर-हळब्यांची चित्रे ओळखणारी पिढी त्यांची नावे ओळखीत नाही, ही हेळसांड पुन्हा होऊ देऊ नये. मजकूर हाताने लिहिणाऱ्या अक्षरकारास वेगळे मानधन द्यावे, कारण चित्रकथेत तोच संवादाचा नट असतो. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’, ‘भीमायन’ यांसारख्या पुस्तकांचा मराठी अवतार काढताना नुसते शब्द बदलण्यावर समाधान न मानता पाने मराठीसाठी पुन्हा जुळवून घ्यावीत. आणि शेवटची मागणी बाहेरच्या मराठी वाचकांतर्फे: महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, तंजावर येथे जी मराठी घरे आहेत, त्यांतील नातवंडे मराठी समजतात पण सलग मराठी पान वाचताना थकतात. चित्राच्या आधाराने त्यांच्या डोळ्यांना देवनागरी मराठीची सवय लागू शकेल, आणि त्यांच्यासाठी या पुस्तकांच्या प्रती येथील ग्रंथालयांत पोहोचविण्याची तजवीज आपण केली पाहिजे. १९३४ नंतर ८४ वर्षांनी, २०१८ साली, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले तेव्हा येथील मराठी माणसाच्या उत्साहाची साक्ष आपण पाहिली आहे.

विषयांची वाण असल्याची सबब तर सांगूच नये. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ साली महाराणी जमनाबाईंच्या दत्तकविधानाने गादीवर बसतो, अक्षर-ओळखीपासून शिक्षण सुरू करतो आणि पुढे अवघ्या राज्यात सक्तीचे मोफत शिक्षण जारी करतो, ही एकच कथा घेतली तरी तिच्यात धूळ आहे, हत्ती आहेत, दरबारी कारस्थान आहे आणि वर्गातला एकाकी मुलगाही आहे. त्याच राज्याने ज्याला शिकविले त्याच विद्वानाला त्याच शहरात निवारा मिळू नये, हा त्या कथेचा दुसरा आणि कठोर भाग. हे दोन्ही भाग एकाच चित्रकथेत, एकमेकांना उत्तर देत, मराठीत मांडण्याचे धैर्य आपल्यापैकी कोणी दाखविले, तर त्यात बडोद्याची स्तुतीही होईल आणि झडतीही. येथील मराठी वाचक ती दोन्ही सोसण्याइतका जुना आहे, आणि चित्रे काढण्यास योग्य हात शोधावयाचे असतील तर येथील सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेपासून प्रारंभ करावा, जेथे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या थोर चित्रकारानेही शाखेच्या जत्रेसाठी मुलांची सचित्र पुस्तके करण्यात कमीपणा मानला नाही.

पहिले पुस्तक निघेल तेव्हा त्याची किंमत जी असेल ती देऊन दोन प्रती घेण्याची हमी मी आजच देतो: एक घरी ठेवण्यासाठी, आणि दुसरी मांडवीच्या ग्रंथालयात मुलांच्या कपाटात दाखल करण्यासाठी. माझ्यासारखे हमी देणारे प्रत्येक गावी थोडे का होईना निघतील. त्यांची मोजदाद करून पाहण्याचे काम मात्र आपले आहे. अर्जावर शेरा काय पडतो याची वाट पाहतो.



आपला,
एक जुना वाचक